हिराबायचं जांभळं भात

दर वर्षी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, उन्हं डोक्यावर यायच्या आत, हिराबाय आमच्या कल्याणच्या घराच्या ओटीवर येऊन टेकायची. डोंबिवलीच्या खाडीकडच्या गावाहून ती पायी यायची. कमरेला खोचलेल्या फडक्यात दोन ओंजळी देवभात असायचं, आणि ते सुपात ओतताना ती न चुकता म्हणायची, "मास्तरनीबाय, निवडून घ्या गो, कुसला टोचतील." यंदा ती आली नाही. आमच्या सौ.नं तीनदा विचारलं, मी तीनदा म्हटलं, "येईल, वय झालंय तिचं, पावलं जड पडत असतील." चतुर्थीच्या दुपारी पूजा आटोपून पानं मांडायची गडबड चालली असताना फाटकापाशी शेवग्याखाली कोणी उभं असलेलं दिसलं. हिराबायची सून सोनाय होती. मी आत ये म्हटलं, तर ती जागची हलली नाही. "सुतक हाय मास्तर, आत नाय येत. आय गेली. परवाच्या दिशी... पडवीन बसलेली, सुपली मांडीवर. तशीच." एवढं बोलून तिनं एक फडक्याची पुरचुंडी फाटकाबाहेरच्या दगडावर ठेवली. "आठ दिस आधीच बांधून ठेवलेला आयनी. मास्तरनीबायना पोचव बोललेली."

ज्यांच्या घरी हे व्रत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऋषिपंचमीला आमच्याकडच्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगर न लागता, कोणी न पेरता तळ्याच्या काठी आपसूक उगवणारं जे भात, ते देवभात, आणि त्या दिवशी तेच चालतं. घरात गणपती, समोर सुतकाच्या घरातून आलेलं धान्य. मी शास्त्र काढायच्या बेतात होतो. माझं तोंड उघडायच्या आत सौ. पायऱ्या उतरून गेली आणि तिनं ती पुरचुंडी उचलून पदरात घेतली. "तिनं बांधलं तेव्हा ती जिवंत होती," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं तेच शिजवलं. मी काही ते व्रत करत नाही, पण एक घास मागून घेतला. 

आता दिवाळी होऊन गेली. दोन महिने मी हिराबायविषयी लिहायला बसतो आणि उठतो. लिहायचं ते माझ्या शहाणपणाच्या फजितीशिवाय लिहिता येत नाही, ही खरी अडचण. पण तिचं देणं मोठं आहे, आणि ते कबूल करायला लाज कसली?

मी हिराबायच्या गावच्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो तेव्हा तिशीच्या आतला होतो. शाळा मारुतीच्या देवळाच्या पडवीत भरायची. मी घाटावरचा, भाताचं रोप आणि गवत यांतला फरकसुद्धा मला पुरता कळत नव्हता. पण वनस्पतिशास्त्राच्या एक-दोन पोथ्या वाचल्या होत्या, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस जसा असतो तसा मी होतो. झाडापानांच्या जाती कशा ओळखाव्यात, हे मी मुलांना रोज सांगायचो. पान पाहा, फूल पाहा, बी पाहा. ज्यांचं दिसणं वेगळं त्यांची जात वेगळी, आणि ती आरंभापासून वेगळीच. त्या पहिल्या भाद्रपदात सौ.ला देवभात हवं होतं. ते घेऊन हिराबाय शाळेपाशीच आली आणि माझा पाठ संपेपर्यंत पायरीवर बसून राहिली. ती तेव्हा चाळिशीची असेल. नवरा खाडीत बुडून गेलेला, घर दिरांचं. मी हातात आयतं आलेलं देवभात मुलांना दाखवलं. हा दाणा काळपट, याला लांब कुसळ. आपल्या शेतातला दाणा पाहा, आखूड, बिनकुसळाचा. तेव्हा देवभात ही एक जात, भात ही दुसरी. फळ्यावर तसं ठळक लिहिलंसुद्धा. पायरीवरून हसू ऐकू आलं. "मास्तर, तुमी फल्यावर इलग केलाव. पर आमच्या शेतान तो इलग होत नाय ना!"

मला तिचा राग आला. पण ती बोलली ते खरं होतं, आणि त्या गावचं सगळं दुखणं त्यात होतं. तळ्यात असतं तोवर त्याला देवभात म्हणत, हात जोडत. तेच शेतात शिरलं की त्याचं नाव चोर. खाडीलगतच्या त्या खाऱ्या जमिनीत राता नावाचं लाल भात व्हायचं. दुसरं काही तिथं तगत नाही. त्या रात्यात हा चोर उगवायचा आणि फुलोऱ्यावर येईपर्यंत हुबेहूब रात्यासारखा दिसायचा. बेणणीला, म्हणजे तण काढायला, वाकलेल्या बायांच्या हाताला तो ओळखू यायचा नाही. शेवटी ओंबी आली की कुसळं दिसायची, पण तोवर उशीर झालेला असे. कापायला विळा लावावा तर चोराचा दाणा वाऱ्यानंसुद्धा झडून चिखलात पडायचा आणि पुढच्या वर्षी दुपटीनं उगवायचा. हिराबायच्या सासूनं मरताना घरातल्या बियाण्याचा मान हिराबायला दिला होता. कोणती ओंबी बियाण्याला ठेवायची, हे त्या घरात तीच ठरवायची. विधवेच्या हातून बियाणं नको म्हणणारे दीर होतेच. शेतात चोर वाढला की बोट तिच्याकडे जाई.

दोन-तीन हंगाम मी हे पाहिलं. मग माझे मेहुणे सुट्टीवर आले. ते मध्यप्रांतात नोकरीला होते. त्यांनी सांगितलं, तिकडे एक भात असतं, त्याचं रोपच जांभळं, पातीपासून देठापर्यंत. ते पेरलं की शेतात जे जे हिरवं दिसेल ते तण, डोळे मिटून उपटावं! मी उडालोच. पत्र पाठवून एक पोतं बियाणं मागवलं आणि हिराबायच्या दारात नेऊन ठेवलं. ती बराच वेळ दाणे हातात घोळवत राहिली. "राता एका वाफ्यान ठेवू का मास्तर?" मी म्हटलं, "मुळीच नाही. एक हिरवी काडी राहिली तर सगळं मुसळ केरात." तिनं मान डोलावली. पोत्यात हात घालून तिनं आपल्या हातानं एक मूठ बाजूला काढली आणि पदराच्या टोकाला बांधली. ही कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "ज्याचा बियाना, त्याची मूठ." त्यांच्या घराची ती रीत होती. कोणी बियाणं दिलं तर दर वर्षी पीक निघालं की त्यातली एक मूठ देणाऱ्याला परत पोचवायची, आणि तीही निर्भेळ, म्हणून ती वेगळी लावायची. मला ते भाबडेपण वाटलं.

पहिल्या वर्षी काय शेत दिसलं म्हणून सांगू! खाडीच्या काठी जांभळा पट्टा, आणि त्यात हिरवा चोर उघडा पडलेला. बाया गाणी म्हणत त्याला उपटत होत्या. दुसऱ्या वर्षी आणखी कमी, तिसऱ्या वर्षी शोधावा लागला. कल्याणहून, ठाण्याहून लोक पाहायला आले. शाळाखात्याच्या साहेबांपुढे मी ते मिरवलं. हिराबायच्या दिरांनीही शेजाऱ्यांना बियाणं वाटलं, सगळी आळी जांभळी झाली. मूठ दर दिवाळीला माझ्या घरी येत होती. मी ती कोनाड्यात ठेवून विसरून जायचो.

पाचव्या वर्षी कापणीच्या वेळी आक्रोश झाला. शेत जांभळंच होतं, बेणणीला एक हिरवी काडी नव्हती, आणि तरी विळा लावताच दाणे झडझडून चिखलात पडत होते. ओंब्यांना कुसळं. चोर जांभळा झाला होता! नुसत्या हिराबायच्या शेतात नव्हे, आळीभर. निम्म्याहून अधिक पीक चिखलात गेलं. लोक म्हणू लागले, मास्तरानं खोटं बियाणं दिलं, पोत्यातच चोर होता. ठाण्याला अर्ज करून मला हाकलायचं ठरत होतं. आणि हिराबायच्या घरात दिरांनी सांगून टाकलं की बियाण्याचा मान आता काढून घेणार, कारण पोतं दारात घेतलं ते तिनं. माझी नोकरी आणि तिचा मान, दोन्ही एकाच गोष्टीवर टांगलेलं होतं: पोतं चोख होतं की नाही?

आता कबूल करायची गोष्ट. त्या दिवशी मी तिच्या अंगणात जाऊन, सुनेदेखत, ओरडलो की तूच खळ्यावर मिसळ केली असशील, अडाणी बाईच्या हातात बियाणं दिलं ही माझी चूक.  तिनं सुपलीतलं पाखडणं चालूच ठेवलं. मग उठली आणि म्हणाली, "चला, दावते."

तिनं मला तळ्यावर नेलं. देवभाताचं तळं तिच्या शेताच्या बांधाला लागूनच होतं. तिथं कोणी कधी काही पेरलेलं नव्हतं, पेरणं हे पापच. काठच्या हिरव्या देवभातात पाच-सहा रोपं जांभळी उभी होती. लांब कुसळं, काळपट दाणा, बोट लावताच पाण्यात टपटप. सगळ्या अंगानं देवभात, आणि रंग माझ्या पोत्यातला. "ह्यो कुनी पेरला मास्तर?" मी वाकून एक ओंबी हातात धरली. "तुमचा रंग देवाच्या घरान कसा आला?" मग तिनं परसात नेलं. तुळशीच्या मागं, शेतापासून लांब, दोन मोठ्या मडक्यांत ती दर वर्षी माझी मूठ लावत होती. त्या ओंब्यांवर तिनं हात फिरवला, हलवल्या, झटकल्या. एक दाणा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मडकी तिनं डोक्यावरून चावडीवर आणली. एक आणि मग दुसरं. विधवा बाई, भरल्या चावडीत. जो तो येऊन ओंबी हलवून पाहू लागला. कोणी म्हणालं, मास्तरानं तुला निवडून मूठ दिली असेल. "मूठ मी घेतलंली, माज्या हातानं, पोत्याच्या पोटातशी," ती म्हणाली. मग तिनं सगळ्यांना समजेल असं सांगितलं. लवंगी मिरचीशेजारी फिकी मिरची लावली तर फिकीच्या बीची रोपं तिखट निघतात, हे घराघरात माहीत आहे. वारं इकडचं तिकडं नेतं. तसंच हे. बांधाच्या पलीकडे तळ्यातला, अलीकडे शेतातला, फुलोरा एका वेळचा. "सोयरीक झाली. रंग नव्याचा, खोड जुन्याची. आनि आपुन हिरवा हिरवा उपटत गेलाव, त्यान जांभला चोर तेवढा वाचला. पोरं आपलीच हायत, मास्तरांच्या पोत्यातली नाय." दीर खाली मान घालून मडक्याकडे पाहत राहिले. अर्ज गेला नाही. बियाण्याचा मान मरेपर्यंत तिच्याकडेच राहिला. परतताना मी तिला म्हणालो, "हिराबाय, तुम्ही मला वाचवलंत." ती थबकली आणि खदखदून हसली. "आता अहोजाहो करताव व्हय? काल अडानी होते ना मी!" त्यानंतर तिनं तो विषय जन्मात पुन्हा काढला नाही. मी मात्र तो रोज काढतो, मनातल्या मनात.

आणि राता? तो गेला असंच मी धरून चाललो होतो. पुढच्या पेरणीला तिनं कोलशेतहून, खाडीपलीकडच्या आपल्या भावाकडून, रात्याचे दोन मुडे होडीतून आणले. पेंढ्यानं गच्च वळलेल्या त्या गोळ्यांत चोख लाल बियाणं होतं. माझ्या समोर तिनं मान डोलावली होती खरी, पण गपचूप माहेरी पाच वर्षं राता जिता ठेवला होता. "तुमचा आयकला," मला म्हणाली, "पर सासूलाबी तोंड दावायचा होता ना." तिनं माझं सगळं ऐकलं असतं तर त्या गावात आज राता नसता. शाळेत मी फळ्यावर आधीचं वाक्य पुन्हा लिहिलं आणि मुलांसमोर पुसलं. दिसण्यावरून दोन जाती मानल्या होत्या, पण ज्यांची वाऱ्यावर सोयरीक जुळते आणि ज्यांच्या पोरांना पुन्हा पोरं होतात, ते एकाच घरचे. मुलांना किती कळलं देव जाणे. मला कळायला एक पोतं आणि एका बाईची दोन मडकी लागली.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. मला आता विचारायचं व्यसन लागलं आणि तिला सांगायचं. विलायतेत पंडितांचा मोठा वाद चालला होता की सगळ्या जाती आरंभापासून वेगळ्या की एकमेकींपासून निघालेल्या. वर्तमानपत्रात आलं की मी तिला ओटीवर वाचून दाखवायचो. "एवढं भांडतात व्हय?" म्हणायची. एकदा मी विचारलं, देवभात आणि भात एका घरचे, हे मान्य. पण थोरला कोण? तिनं क्षणभरही विचार केला नाही. "तल्यातला थोरला." का? मग तिनं जे सांगितलं ते मी कुठल्या पोथीत वाचलं असतं तर पोथी डोक्यावर घेऊन नाचलो असतो. पहिल्या बाईनं तळ्याकाठी जाऊन ओंब्या खुडल्या असतील. ज्यांचे दाणे झडले ते चिखलात राहिले. ज्या ओंब्यांनी दाणे धरून ठेवले त्याच तिच्या टोपलीत घरी आल्या, त्यांतलेच पुढं पेरले गेले. दर वर्षी तसंच, आया-आज्यांच्या हातून. "कुनी निवडला नाय मास्तर. जो पडला त्यो पडला, जो धरून ऱ्हायला त्यो घरा आला. शेतातला भात म्हंजे दुसरा काय? घरा आलेला देवभात." मी आत जाऊन सौ.ला बोलावून आणलं आणि हिराबायला तेच पुन्हा सांगायला लावलं.

एक सल मात्र आहे आणि तो लिहिल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. मी निवृत्त होऊन कल्याणला आल्यावरही ती वर्षातून दोनदा यायची, भाद्रपदात देवभात घेऊन, दिवाळीत मूठ घेऊन. दोन्ही वेळा ती ओटीवर बसायची. तिथंच तिला गूळपाणी, तिथंच फराळ, पानावर. जाताना ती पान उचलून टाकायची आणि बसली ती जागा पाण्यानं पुसून जायची. एवढ्या वर्षांत मी तिला एकदाही म्हटलं नाही की आत ये, बस. तिनंही कधी पाऊल टाकलं नाही. काय एका घरचं आणि काय वेगळं, हे मी तिच्याकडून शिकलो आणि ते भातापुरतंच ठेवलं. तिच्या ध्यानात ते आलं नसेल? तिच्या ध्यानात न येणारं काही होतं, असं मला तरी आठवत नाही.

परवा, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सोनाय पुन्हा आली. सुतक केव्हाच फिटलं होतं. सासू जिथं टेकायची तिथंच, ओटीच्या कोपऱ्यात, ती टेकली आणि पदराची गाठ सोडून तिनं एक मूठ पुढं केली. जांभळ्या देठाच्या चार-पाच ओंब्या, दोऱ्यानं बांधलेल्या. "मडकी मी लावलंली यंदा. आय बोललेली, काय बी होव, मास्तरांची मूठ चुकवू नको."  मी सौ.ला फडकं पसरायला सांगितलं आणि त्यावर ओंबी धरून हलवली, जशी हिराबायनं चावडीवर हलवली होती. पुन्हा हलवली, जरा जोरानं. फडकं कोरंच राहिलं.

सौ.नं ते उचलून झटकलं, घडी केली. मग ती आत गेली आणि स्वयंपाकघरातून पाट मांडल्याचा आवाज आला, एक आणि मग दुसरा. "सोनाय," तिनं आतून हाक मारली, "तिथं नको गं बसू, आत ये." सोनाय माझ्याकडे पाहू लागली. मी उठलो, ओंब्या हातातच होत्या, आणि दारातून बाजूला झालो.